टोरुन गप्प बसायला शिकली

मासे कापायच्या एका कारखान्यात टोरुनच्या हाताखाली बावीस माणसं होती, आणि प्रत्येकाच्या अडचणीवर तिच्याकडे उत्तर तयार असायचं. कुणी तोंड उघडायचा अवकाश, की हिचा सल्ला सुरू. कंपनीने सगळ्या सुपरवायझरांना दोन दिवस ऐकण्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं, तेव्हा बोडो शहराकडे जाणाऱ्या बोटीत ती कुरकुरत होती, "ऐकायला काय शिकायचं? मला काय कान नाहीत?"

तिथे जोड्या पाडल्या. एकाने मनातलं सांगायचं, दुसऱ्याने पाच मिनिटं नुसतं ऐकायचं.

"टोरुन," शिकवणारी व्हिग्दिस हसून म्हणाली, "तिसऱ्याच वाक्याला तू जोडीदाराला औषध सांगून मोकळी झालीस."

"मग काय, तोंडाकडे बघत बसू?"

"हो. बस. तुला समुपदेशक व्हायचं नाहीये, त्यासाठी आमच्याकडे माणसं आहेत. त्यांच्यापर्यंत जावं असं समोरच्याला वाटलं, की तुझं काम झालं."

दुसऱ्या दिवशी टोरुनने ती पाच मिनिटं तोंड मिटून काढली. घाम फुटला तिला.

पुढच्याच आठवड्यात आस्ब्यर्नचं प्रकरण आलं. अठ्ठावीस वर्षं कापायच्या यंत्रावर, कधी मिनिटभर उशीर नाही. आता महिनाभर रोज उशीर, आणि दोनदा पाती चुकीची लावल्यामुळे ढीगभर मासा वाया गेलेला. कारखान्याचा प्रमुख स्टाइनारने ताकीदपत्र तिच्या टेबलावर टाकलं. "याच्यावर त्याची सही घेऊन टाक."

तिने आस्ब्यर्नला छोट्या खोलीत बोलावलं, कॉफी ओतली.

"काय चाललंय तुझं?"

"काही नाही. झोप होत नाही."

डॉक्टरकडे जा, लवकर झोप, मोबाइल लांब ठेव... सगळं तिच्या जिभेवर आलं. तिने ते कॉफीच्या घोटाबरोबर गिळलं.

आस्ब्यर्न कप फिरवत राहिला. "तू काही बोलत का नाहीस?"

"ऐकतेय."

मग तो कपाकडे बघतच म्हणाला, "हेर्दिस मला ओळखत नाही गं. सकाळी तिला वाटतं, घरात चोर शिरलाय. माझी बायको, टोरुन! तिला शांत करता करता दोन तास जातात. परवा अनवाणी बर्फात निघाली होती."

एवढा धिप्पाड माणूस, ढसाढसा रडला. टोरुनने त्याला थांबवलं नाही. रडणं ओसरल्यावर तिने एवढंच विचारलं, "तुला काय हवंय?"

"सहाऐवजी नऊला यायचंय. आणि कुणाशी तरी बोलायचंय. ज्याचं तोंड रोज दिसणार नाही अशा कुणाशी."

तिने कंपनीच्या समुपदेशकाचा नंबर लावला, फोन त्याच्या हातात दिला आणि बाहेर पडली.

बिनसहीचं ताकीदपत्र तिने स्टाइनारसमोर ठेवलं. "याच्यावर सही होणार नाही. आस्ब्यर्न नऊला येईल."

"आणि सहा ते नऊ यंत्र कोण चालवणार?"

"मी."

तीन आठवडे तिने खरोखरच एप्रन बांधून यंत्र चालवलं. का, ते कुणालाच सांगितलं नाही. शेवटी जेवणाच्या सुट्टीत आस्ब्यर्न स्वतःच उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. मग पोलंडहून आलेली यागोदा म्हणाली, "टोरुन अजून महिनाभर त्या यंत्रावर राहिली, तर तिची बोटं माशांबरोबर खोक्यात जातील. सोमवारी सहाला मी येते."

हशा पिकला. "मंगळवार माझा!" "बुधवार मला दे!" सुट्टी संपायच्या आत आठवडा भरला.

मार्चमध्ये कॉड माशांचा हंगाम भरात आला. समुपदेशकाच्या मदतीने हेर्दिसला दिवसा सांभाळणारं केंद्र मिळालं होतं. आस्ब्यर्न पुन्हा तरतरीत झाला होता. एका गुरुवारी त्या यंत्रातून कारखान्याच्या इतिहासातला सगळ्यात जास्त मासा गेला, आणि एकही पातं चुकलं नाही. भिंतीवरच्या पाटीवर स्टाइनारने स्वतः आकडा लिहिला. टोरुनने दोन्ही मुठी वर करून अशी काही आरोळी ठोकली, की धक्क्यावरचे समुद्रपक्षी भर्रकन उडाले.