उतारावरची हाक

“आलं हो, आलं! पाणी आलं!”

ही हाक तिनं आधी ऐकली आणि माणूस नंतर पाहिला. तेव्हा ती उताराच्या तळाशी माहेरी राहायची. नळाला पाणी केव्हा येईल याचा नेम नसे. टाकी डोंगरावर, वरच्या घरात नळ खाकरला की त्या घरानं खालच्या घराला हाक द्यायची, खालच्यानं त्याच्या खालच्याला. हाक पाण्याच्या पुढं धावत यायची. मधल्या वळणावरून एका सुताराचा खणखणीत आवाज यायचा, आणि कळशी उचलता उचलता तिच्या ओठांवर ओळी यायच्या:

*हाक आली गं वरून, घडा धावला दारात,*
*पाणी भरलं मागून, आधी भरलं उरात.*

त्याच वळणावरच्या घरात ती नांदायला गेली. आता उतारावर तिला सगळे शिवणमावशी म्हणतात आणि त्याला मिस्त्री. त्याची यंत्राची करवत कायमची थांबली आहे; ती मात्र अजून बाजारातल्या दुकानात मशीन चालवते. दिवसा पाणी भरायचं ते त्यानंच.

यंदा ती पाणी मंडळाच्या जागेसाठी उभी राहिली. मागणं एकच. पाण्याला वेळ बांधून द्या. नळाच्या भरवशावर किती बायकांनी कामं सोडली, हे तिनं ब्लाउजांची मापं घेता घेता ऐकलं होतं.

पण ती उभी राहिली आणि घरात काहीतरी बिनसलं. एकदा पिंप कोरडं, मग पुन्हा कोरडं. वरच्या घरातली वहिनी कमरेवर हात ठेवून आली.

“मी घसा फोडून हाक दिली गं! मिस्त्री ओट्यावरच होते. मान वर केली असेल तर शपथ! खालच्या घरांनाही पाणी आल्याचं कळलं नाही. ते तुझ्या नावानं खडे फोडतायत.”

मावशीनं घरात येऊन झाकण आपटलं. “माझ्यावरचा राग पिंपावर कशाला काढता? मी उभी राहिले ते आवडलं नसेल तर तोंडानं सांगा.”

“हो, खिडकी लावतो,” तो म्हणाला आणि खिडकी लावायला उठला.

थट्टा करतोय, असं समजून ती दोन घास कमी जेवली.

मंडळाच्या खोलीत सभा भरली. उमेदवारानं उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं आणि लोकांनी विचारायचं, अशी रीत. मिस्त्री शेवटच्या रांगेत वहिनीशेजारी बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून. मावशीचं बोलून झाल्यावर अध्यक्ष, म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले, गोड हसले.

“मावशी, वेळ कशाला बांधायची? आपल्याकडे हाक आहे की. हाकेत माया असते.”

“असते ना!” तळाचा दूधवाला ओरडला. “पण ती मिस्त्रींच्या ओट्यापर्यंत येऊन आटते! घरातला माणूस ऐकत नाही आणि ही मंडळाला ऐकवणार!”

खोली खदखदून हसली. मावशीनं मागं पाहिलं. मिस्त्री इकडचे तिकडचे चेहरे न्याहाळत होता. सगळे हसताहेत हे पाहून, जरा उशिरानं, तोही हसला. त्याच्यावरच केलेल्या थट्टेला.

तिला ती लावलेली खिडकी आठवली. चुकलेल्या हाका आठवल्या. म्हणजे राग नव्हताच कधी.

आता एक वाक्य बोलली असती, तर दूधवाल्याचं तोंड बंद झालं असतं. वाक्य जिभेवर आलंही. पण ते त्याचं होतं. चारचौघांत तिनं कसं उघडं करायचं?

“बोला मावशी, उत्तर आहे का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली आणि खाली बसली.

तिला हरल्यासारखी बसलेली पाहून मिस्त्रीचं हसू मावळलं. “काय म्हणाले तिला?” त्यानं वहिनीला विचारलं. वहिनीनं एकदा सांगितलं. मग त्याच्या डोळ्यांत पाहून, कानाशी तोंड नेऊन, पुन्हा सांगितलं. तो गुडघ्यांवर हात टेकत उठला.

“हाक मी अडवली नाही,” तो म्हणाला. आवाज अजून तसाच, उतारभर जाईल असा. “मला ती ऐकूच येत नाही. जन्मभर यंत्राच्या करवतीपाशी उभा राहिलो, कान तिनं नेले. घड्याळ मात्र दिसतं मला. ही म्हणते तशी वेळ बांधा, म्हणजे माझ्यापायी कुणाचा घडा रिकामा राहणार नाही.”

तो आता तिच्याकडेच पाहत होता.

“तुला सांगायचं राहून गेलं... नाही, सांगितलंच नाही मी. तू माझ्या आवाजावर भाळून या घरात आलीस. तुझा आवाज मला येईनासा झालाय, हे कुठल्या तोंडानं सांगणार होतो?”