मान्य साधनांची यादी

विमानांची मॉडेलं बनवणाऱ्या त्या क्लबात बावीस सभासद होते. एकवीस पुरुष आणि एक पार्लरवाली. ती आली त्या दिवशी सगळ्यांनी तिचं तोंडभरून स्वागत केलं आणि चहाचे उष्टे कप तिच्यापुढे सरकवले. तिने आपला तेवढा विसळला.

क्लबचे सेक्रेटरी निवृत्त ड्राफ्ट्समन. जन्मभर सरळ रेषा मारल्यामुळे जगात दुसरंही काही असतं, यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. लाकूड घासायला त्यांनी प्रत्येकाला एकेक सागवानी ठोकळा दिला होता. त्याला सँडपेपर गुंडाळायचा आणि घासायचं.

"पण साहेब, विमानाचं पोट गोल असतं ना?"

"म्हणून तर ठोकळा लागतो, ताई."



आठ महिने खपून तिने दोन हात लांबीचं विमान उभं केलं होतं. तिचं पहिलंच. वार्षिक प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं आणि ते त्यात मांडायचं, हे तिने घरीदारी सांगून ठेवलं होतं. दुपारी पार्लर रिकामं असताना तिने पोटावर ठोकळा चालवला आणि विमान ट्यूबलाइटखाली धरलं. गोल पोटावर चपट्या पट्ट्या उठल्या होत्या, बटाटा सोलल्यासारख्या. मग नुसत्या बोटांनी कागद फिरवला, तर बोटांच्या खाचा पडल्या. आंघोळीचा स्पंज फारच गरीब स्वभावाचा निघाला. उंचवटा असो की खळगा, दोघांनाही सारखाच मान देत होता.

"अगं, माझी स्लीपर कुठंय?" नवऱ्याने विचारलं.

"उजवी आहे की. डावी कापली."

स्लीपरचा रबरी तळ पोटाला चांगला लागू पडला. वाकायचा, पण लाड करायचा नाही. पंखाच्या पुढच्या गोल कडेला तिने सँडपेपरची लांब पट्टी काढली, फाटू नये म्हणून मागे चिकटपट्टी लावली आणि बुटाला पॉलिश मारतात तशी दोन्ही हातांनी पुढेमागे ओढली. राहिलं नाक. तिथे रबर अडत होतं. शेवटी तिने नखं चमकवायचा बफर उचलला. आत फोम, वर बारीक खरखरीत थर. नाकाच्या वळणाबरोबर तो असा वळला, की जणू दोघं एकाच शाळेत होते. डोळे मिटून तिने तळहात फिरवला. कुठे काही लागलं नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी फॉर्ममध्ये 'वापरलेली साधने' असा रकाना होता. तिने खरं ते लिहिलं.

सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं. "चप्पल?"

"स्लीपर. डावी."

"नखांचा बफर?"

"नवा होता हो. गिऱ्हाइकाला लावलेला नव्हता."

"ताई, मान्य साधनांच्या यादीत हे नाही. तिथे 'ठोकळा' लिहा आणि विषय मिटवा. काम सुरेख झालंय, मी नाही म्हणत नाही."

"ठोकळ्याने झालं असतं, तर लिहिलं असतं."

"मग नियम अकरा. अमान्य साधनाने केलेलं मॉडेल टेबलावर ठेवता येत नाही."

"टेबलावर?"

"टेबलावर."

"बरं," ती म्हणाली. विमान दोन्ही तळहातांवर घेतलं आणि टेबलाला लागून, पण टेबलाला न टेकता, उभी राहिली.

दहा वाजता दारं उघडली. साडेदहाला तिच्याभोवती ही गर्दी. बाकीची एकवीस विमानं टेबलावर मुकाट पडली होती. परीक्षकबाईंनी चष्मा कपाळावर चढवून विमानाच्या अंगावर चमकणारी ट्यूबलाइटच्या उजेडाची रेघ नाकापासून शेपटीपर्यंत पाहिली. रेघ कुठेच मोडली नव्हती. "कशाने घासलंत?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, आणि मोठ्याने सांगितलं. चार सभासदांनी गुपचूप लिहून घेतलं.

बारा वाजता सेक्रेटरी स्वतः खुर्ची घेऊन आले. "बसा तरी. हात भरून येतील. लोक मला काय म्हणतील?"

"बसायला सांगताय, की ठेवायला?"

"नियम म्हणजे नियम, ताई."

"मग खुर्ची घेऊन जा. रोज दहा दहा तास उभी असते मी, साहेब. तुमचं प्रदर्शन पाचला संपतंय."

आणि तिने अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला.