चाड्यावरची मूठ

चतुराबाईने सुनेची मूठ उलगडली, तिच्यातली ज्वारी सुपात ओतली आणि त्याच मुठीत तीळ भरले.

"आता चाल," ती म्हणाली.

नंदाचा हात नुकता कुठे बसू लागला होता. सारवलेल्या अंगणात ती जुन्या चाड्यावर मूठ धरून चालत होती आणि तीन भोकांतून ज्वारीचे दाणे बराबर अंतराने खाली पडत होते. तिळाने सगळा विचका केला. पहिल्या चार पावलांतच अर्धी मूठ सांडली. मग घाबरून तिने बोटं आवळली, तर एक दाणा सुटेना. ओसरीवर बसलेला सासरा कचरू हसू दाबत पानाला चुना लावू लागला.

निजामाच्या राज्यात वाटूरच्या शिवारात पेरणी व्हायची ती तिफणीने. तिफण पुरुषाने हाकायची. पण तिच्यावरच्या लाकडी वाटीत, म्हणजे चाड्यात, मुठीतून बी सोडायचं काम बाईचं. दाट पडलं तर ज्वारीची ताटं एकमेकांच्या तोंडचं खातात, विरळ पडलं तर रान मोकळं राहतं, आणि चूक कळते तेव्हा बी मातीआड गेलेलं असतं. म्हणून जिच्या हाती चाडं, तिच्या शब्दाला घरात वजन. चतुराबाईला तर लोक आपल्या पेरणीलाही बोलावून नेत. नंदा लग्न होऊन आल्यापासून बियाची टोपली घेऊन तिच्यामागे चालत होती. या रब्बीला चाडं आपल्या हाती यावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तिने ते लपवलंही नव्हतं.

पण शिकवण्याची ही कसली तऱ्हा! आज ज्वारी, उद्या करडई, परवा हरभरा. एक जमलं की बी बदलायचं. तेही जमलं की डावा हात. तो वळला की अंगण सोडून ओढ्याच्या चढाला, कधी भरभर, कधी रेंगाळत. वर चालता चालता सासूचे प्रश्न: माहेरच्या वाटेवर गावं कोणती, उलटी सांग. शेजारची साळूबाई मात्र रोज तीच ज्वारी, त्याच अंगणात, एकाच चालीने सोडायची आणि वर गाणं म्हणायची. तिच्या ओळी बघायला बायका थांबत. नंदाच्या ओळी कोंबड्यांनी उकरल्यासारख्या दिसत.

एका संध्याकाळी तिने चाडं खाली ठेवलं.

"आत्याबाई, माझा हात न्हाई दुखत. डोकं दुखून राह्यलंय."

"दुखू दे," चतुराबाई म्हणाली. "साळूला गाणं सुचतं, म्हणजे तिचा हात एकटाच चालून राह्यला. वावरात एकटा हात काय करंल?"

नंदाला ते पटलं नाही. सासूला चाडं सोडायचंच नाही, म्हणून ती आपला हात बसू देत नाही, अशी तिची खात्री झाली. नवऱ्याला, भुजंगाला, तिने तसं बोलूनही दाखवलं. आई आणि बायको यांच्या मध्ये पडू नये एवढा शहाणपणा भुजंगाकडे होता. तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. नंदाने सराव मात्र सोडला नाही. रागाच्या भरात माणूस चिकाटीही धरतं, तसं तिचं झालं.

दसरा उलटला, रानाला वाफसा आला. ओल आहे तोवर ज्वारी मातीत जायला हवी होती. सकाळी तिफण जुंपली तशी चतुराबाईने टोपली नंदाकडे दिली आणि चाड्यावर स्वतः मूठ धरली. मी धरते, तू मागं ये, एवढंच ती म्हणाली. नंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

काही तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, झाली. मग बाभळीजवळ, बैल चालते असतानाच, चतुराबाई एकदम बाजूला सरली.

"धर," ती म्हणाली.

नंदाने टोपली तिच्याकडे ढकलली, ओटीत बी घेतलं आणि धावत जाऊन चाडं गाठलं. गोठ्याकडे तोंड झालं की बैल पळू लागत. मूठ सैल करावी लागे. चढाला ते रेंगाळत. बोटं आवळावी लागत. मधल्या चुनखडीच्या पट्ट्यात तिफण उड्या मारी. एकही तास दुसऱ्यासारखं नव्हतं, आणि नंदाला त्याचं नवल वाटलं नाही. डोकं जागं होतं, बोटं त्याचं ऐकत होती. शेवटी कडेच्या करडईसाठी बी बदललं, तेव्हा ती थबकलीसुद्धा नाही. दिवस मावळताना तिला आपलाच इतका अभिमान वाटला, की भुजंगासमोर हसू आवरेना.

ज्वारी वर आली तशी घरची सगळी पेर बघायला गेली. उगवलेल्या रानात कुणाची मूठ कशी पडली ते उघडं दिसतं. कचरू तासातासाने चालत होता. एका जागी तो थांबला. तिथे हातभर अंतरात रोपच नव्हतं, पुढेही विरळ.

"सूनबाईनं इथं चाडं धरलं," तो समजुतीने म्हणाला. "पहिली खेप हाय. व्हतं असं."

बाभूळ तिथून बरीच पुढे होती. भुजंगाने बायकोकडे पाहिलं. नंदाने मान खाली घातली आणि होकार दिला.

चतुराबाई मागून आली. ती त्या मोकळ्या जागेपाशी उकिडवी बसली.

"न्हाई," ती म्हणाली. "नंदीनं बाभळीपासून धरलं. हे माझं हाय."

कचरू हसायला गेला आणि थांबला.

"औंदा बोटाला दाणा कळंना झालाय. बघून बघून सोडत व्हते. बाभळीपाशी ध्यानात आलं, मूठ तशीच भरलेली अन् चाडं रिकामं."

"मंग मला आधी का न्हाई सांगितलं?" कचरूने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमी लगेच चाडं हिला दिलं असतं. तवा हिला निसती अंगणातली ज्वारी येत व्हती."

नंदाला गलबलून आलं. तरी तिच्या मनातलं एक राहिलंच होतं, आणि ते तिने विचारलं.

"आत्याबाई, मंग त्या सकाळी टोपली का दिली मला?"

चतुराबाईने सुनेकडे सरळ पाहिलं.

"सोडवंना, बाई."

नंदाला राग आला नाही. ती बांधावर गेली, तिथे आणून ठेवलेल्या टोपलीतली उरलेली ज्वारी ओटीत घेऊन परत आली आणि ओल आहे तोवर नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरून घेऊ, असं म्हणाली. ती सासूशेजारी बसली आणि तिच्या तळहातावर तिने मूठभर बी ठेवलं. नंदा बोटाने मातीत खळगा करी. चतुराबाई डोळ्यांनी बघून त्यात दोन दाणे टाकी. कचरू बांधावर जाऊन बसला आणि त्याने कुणालाही जल्दी केली नाही.