काटा मधोमध होता

इन्केव लुंगची पिकअप दोरीला बांधून लोकांनी माझ्या गॅरेजच्या शेडपुढे ओढत आणली, तेव्हा आधी वास आला. जळकं रबर, आणि त्यात गोडसर काहीतरी. इंजिनाचं पाणी उकळून गेलं की असाच वास येतो. लुंग म्हणजे काका. इथं उत्तर थायलंडात, नान नदीच्या खोऱ्यातल्या अर्ध्या माणसांचे ते काकाच आहेत. पुढच्या सीटवर त्यांची बायको, पा म्हणजे काकू, खामपेंग, चिकट भाताची टोपली मांडीवर घेऊन बसली होती.

"मोट, बघ बाई लवकर," लुंग मला म्हणाले. "हिला इस्पितळात पोचवायचंय. डायलिसिसचा, रक्त धुवायचा वार आहे आज."

"घाटात बंद पडली?"

"बंद कसली, खडखडली आणि अडकलीच. पण तापमानाचा काटा मधोमध होता गं! पाणी तापलंच नव्हतं."

मी बॉनेट उघडलं. वाफेनं माझं तोंड शेकून निघालं. न तापलेलं पाणी ते.

गाडीचा कॉम्प्युटर, आम्ही त्याला डबा म्हणतो, स्वतः काही पाहत नाही. आतल्या खोलीत बसून घर चालवणाऱ्या आंधळ्या सासूसारखा तो असतो. सेन्सर येऊन सांगणार, पाणी तापलं; मग हा हुकूम सोडणार, पंखा लावा. पाणी गार म्हटलं, तर पेट्रोल जास्त सोडा. काट्यालाही तोच सांगतो कुठं उभं राहायचं ते. सांगणाऱ्यावर सगळी भिस्त.

पाण्याच्या सेन्सरच्या वायरवर काळी टेप होती. सोडवली. आत सेन्सर तोडून तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर डकवलेला. तो डब्याला सदा एकच सांगायचा: बेताचं गरम आहे, काळजी नको. पंखा लागणार कसा?

"हे कुणी केलं?"

"भाच्यानं. भातलावणीच्या तोंडावर. काळा धूर निघायचा ना, तो थांबवला त्यानं. हुशार आहे पोरगा."

"जुना सेन्सर पाणी गारच आहे म्हणून रडायचा, डबा पेट्रोल ओतत राहायचा. त्याचा धूर. दुरुस्त नाही केलं लुंग, रडणाऱ्याच्या जागी हसणारा बसवला."

"तो म्हणाला होता," पा खामपेंग आतून हळूच बोलली. "तात्पुरतं आहे. नवा आला की लगेच बदला."

लुंग वळले. "मग मला सांगायला काय झालं होतं?"

"लावणी चालली होती. तुम्ही चिखलातले पाय घेऊन नवा आणायला खाली पळाला असता."

आम्ही माणसं अशी. कुणाला आपला त्रास नको. भाच्याला मामाची भीड, म्हणून त्यानं मामीला सांगितलं. मामीला नवऱ्याची भीड, म्हणून ती गप्प.

मी तेलाची काडी उपसली. दुधाळ. पाणी तेलात शिरलं होतं.

"लुंग, इंजिन गेलं."

"काही बदलून चालेल?"

"काही बदलून नाही चालायचं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "त्यातल्या त्यात बरं, डॉक्टरांनी आता आठवड्यातून एकदाच बोलावलंय. आधी दोनदा होतं. सुधारतेय ती."

मी पा खामपेंगकडे पाहिलं. ती टोपलीचं झाकण सारखं करत होती. रक्त धुणं असं आपोआप कमी होत नाही, हे मला ठाऊक होतं, पण मीही विचारलं नाही. मी तरी कुठली वेगळी?

हाताला काम हवं म्हणून मी तो रेझिस्टर कापला आणि किल्ली फिरवली. पंखा घोंघावत सुटला. मेलेल्या इंजिनावर पूर्ण जोरात.

"आता कशाला फिरतोय हा?" लुंगनी विचारलं.

"निरोपच आला नाही की डबा घाबरतो. वाईट ते धरून चालतो. सगळं ठीक आहे असा निरोप येत राहिला, की निवांत बसतो."

लुंग थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग गाडीच्या दाराशी गेले.

"खामपेंग, कशी आहेस?"

"बरी आहे की. मला काय धाड भरलीय!"

हे रोजचंच. पण आज ते खाली बसले. चपलेचा पट्टा तिच्या सुजलेल्या पायात रुतला होता. त्यांनी तो सोडवला, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"एकदाच बोलावलंय, असं डॉक्टर म्हणाले?"

"लावणी होती," ती म्हणाली. "आणि घाट केवढा लांब. दोनदा कशाला तुमचा दिवस मोडायचा?"

त्यांना इस्पितळात न्यायला मी माझ्या साइडकारवाल्या मोटारसायकलची किल्ली आणायला आत धावले. बाहेर आले तरी ते तसेच वाकून बसलेले, खड्डा भरून येण्याची वाट बघत. पंखा चालूच होता. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.