रक्त देण्याआधीची गोळी

भावाला मी लाडोबा म्हणते, कारण आईने त्याला तसाच करून ठेवलाय. त्याच्या किडन्या गेल्या तेव्हा आई मला म्हणाली, "तुझं काय, तुझं एकीवर भागेल." आम्ही दोघी बहिणी, त्यातली थोरली मी. मग दिली. वर "उपकार नाही केलेस" हेही ऐकून घेतलं.

दुसऱ्याची किडनी, अगदी बहिणीची का असेना, शरीर झिडकारतं. ते होऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळी. औषध रक्तात कमी पडलं तर किडनी जाते, जास्त झालं तर तेच औषध तिला खातं. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. डॉक्टरबाईंनी फोड करून सांगितलं होतं, "त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्या. आदल्या रात्रीचं औषध उतरून किती उरलंय, ते मला बघायचंय."

आईला ते पटेना. लेकराची गोळी लांबवायची म्हणजे काय! ती घरीच त्याला गोळी देऊन पाठवायची. शिवाय पढवायची, कुणी विचारलं तर नाही म्हण, उगाच परत पाठवतील. हा चाळिशीचा घोडा निमूट तसंच सांगायचा. मला हे सगळं नंतर कळलं.

दर वेळी ताज्या गोळीमुळे आकडा जास्त यायचा आणि डॉक्टरबाई गोळ्या कमी करायच्या. आई खूश. "सुधारतोय माझा राजा."

मग राजाचे पाय सुजले, लघवी आटली. दवाखान्यात ठेवलं तेव्हा गोळी नर्सच्या हातची आणि रक्त गोळीच्या आधी. रक्तात औषध जवळजवळ नव्हतंच. डॉक्टरबाईंनी त्याला खोदून विचारलं. तो आईकडे बघत म्हणाला, "घेऊनच यायचो. आईच द्यायची."

माझी किडनी वाचली नाही.

बाहेर बाकड्यावर मी आईला म्हणाले, "तू घालवलीस ती."

"तुझीच नासकी असणार," आई म्हणाली. "मनापासून कुठे दिली होतीस?"

चोर सोडून संन्याशाला फाशी. कुशीतला व्रण ठणकायला लागला. तिला शिव्याशाप द्यावेसे वाटले, पण आई पडली ना.

तेवढ्यात धाकटी डबा घेऊन आली. आईने तिला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला. आम्हा दोघींच्या पाठीवरून तो हात कधी फिरलेला मला आठवत नाही.

"बाळा, तुझा रक्तगट कुठला गं?"

धाकटी लाजून हसली. "दादाचाच."