वगळलेली टेस्ट

देवपूरच्या त्या छोट्या कंपनीत कोडच्या बाबतीत मृणालीचा शब्द शेवटचा. केळी पिकवायच्या थंड खोल्यांवर लक्ष ठेवणारं त्यांचं सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्स, दोन्हींवर चालायचं. कोडमधला प्रत्येक बदल दोन्हीकडे आपोआप तपासणारा टेस्ट रनर तिनेच उभा केला. सगळ्या टेस्ट पास झाल्या की पडद्यावर हिरवी पट्टी यायची, मगच संघपाल ते गिऱ्हाइकाकडे बसवायला निघायचा.

एक टेस्ट मात्र हटून बसली. वीज जाऊन आली की धोक्याचा गजर आपणहून पुन्हा सुरू व्हायला हवा. लिनक्सवर तो व्हायचा, विंडोजवर नाही. खोट तिच्याच कोडमध्ये होती आणि साहेबांना घाई होती. तिने विंडोजपुरती ती टेस्ट वगळून टाकली. उद्या बघू म्हणाली. असला उद्या कधी उगवलाय? पट्टी हिरवी झाली. खाली बारीक राखाडी अक्षरांत 'वगळली : १' असं आलं, पण ते वाचतो कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची.

सावद्याला देवचंद नाना या गिऱ्हाइकाकडे विंडोजचं मशीन होतं. वीज गेली, आली. खोली थंड ठेवणारं यंत्र बंदच राहिलं आणि गजर वाजला नाही. खोलीभर केळी काळी पडली.

संघपाल सावद्याला धावला आणि त्याच दिवशी तोंड पाडून परत आला. बसवताना आपलंच काहीतरी राहिलं असणार, असं त्याने साहेबांना सांगितलं. "पट्टी हिरवी होती. मृणालीचं काम चुकत नाही."

मृणाली शेजारीच बसली होती. ती मेल्याहून मेल्यासारखी झाली, तरी तोंड उघडेना. साहेबांनी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हटलं, तेव्हा कुठे तिने वगळलेली टेस्ट चालू केली आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. पट्टी लाल झाली. संघपालची नोकरी राहिली. तो तिच्याकडे न बघता बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने सावदा गाठलं. चूक माझी, त्याची नाही, माफ करा, असं नानांना सांगितलं. नाना अवघडले.

"माफी तं त्या पोऱ्यानं कालच मांगली. मी नको म्हने, तरी चार लोकाईसमोर माह्या पाया पडला."

संघपाल कुणाच्या पाया पडत नसे. साहेबांच्या वडिलांनाही तो ताठ उभा राहून जय भीम करायचा, आणि तेही तसंच उत्तर द्यायचे.

नाना चहा सांगायला गेले. मृणाली तोंड झाकून रडत राहिली.