ताब्याला बसलेली माणसं

रविवारी सकाळी दूध आणायला निघालो, तर दार उघडेना.

आधी वाटलं, कडी अडकली असेल. कडी निघालेली होती. मग दोन्ही हातांनी ओढलं, पाय भिंतीला लावून ओढलं, दाराला चार शिव्या घातल्या. शेवटी वर बघितलं. दारावरचा बीम मधोमध खाली आला होता आणि त्यानं चौकट दाबून धरली होती. कालपर्यंत तिथं नुसती चीर होती.

गॅलरीला गेलो. गॅलरीला वरपासून खालपर्यंत लोखंडी ग्रिल, मीच वेल्डिंग करून बसवून घेतलेली, चोर येऊ नये म्हणून. चोर कधी आला नाही. आता मीही जाऊ शकत नव्हतो.

आमची इमारत उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, बाजाराच्या मागं. ती पाडावी की दुरुस्त करावी, यावर आम्ही वर्षानुवर्षं सभा घेतल्या. मी दुरुस्तीवाला. अंबरनाथचं दगडी देऊळ शेकडो वर्षं उभं आहे, मग आपली तीस-पस्तीस वर्षांची इमारत काय म्हणून पाडायची, असं विचारून टाळ्या घ्यायचो. खाली कापडाचं दुकान असलेला सिंधी भूपेश पाडणारा. "साईं, उधर पत्थर है, इथं खाडीची खारी रेती आहे," म्हणायचा. त्यालाही टाळ्या पडायच्या. मग चहा व्हायचा आणि सभा पुढं ढकलली जायची.

मग पालिकेनं इमारत धोकादायक ठरवून नोटीस चिकटवली. जागेच्या कागदांचा आधीच घोळ, त्यामुळे बिल्डरनं सरळ सांगितलं की करार होईपर्यंत ज्याचा ताबा, त्यालाच नव्या टॉवरमध्ये घर. झालं! घराघरांतली कमावती माणसं, पोरंबाळं बदलापूरकडं भाड्यानं राहायला गेली आणि मागं एकेक म्हातारं माणूस ठेवून गेली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. माझा मुलगा वरद, सून प्राची आणि माझी बायको कुंदा बदलापूरजवळ खरवईला. इथला रुमाल मी.

दार वाजवायला सुरुवात केली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या चांगुणाबाई खाली आल्या. त्याही मुलाच्या वतीनं ताब्याला बसलेल्या.

"शशीभाऊ, काय झालं वो?"

"दार बसलंय. बीम खाली आलाय. फायर ब्रिगेडला फोन करतो."

"थांबा, थांबा. भूपेशशेठला बोलावते."

आग लागली काय, दार बसलं काय, आमच्या इमारतीत आधी मीटिंग भरते. पाच मिनिटांत दाराबाहेर पाच-सहा जण जमले. मी आत, सभा बाहेर.

"साईं, फायर ब्रिगेड मत बुलाना," भूपेश दाराला तोंड लावून म्हणाला. "ते आले की पालिकावाले येणार. आजच्या आज सगळ्यांना काढून सील मारणार. ताबा गेला तर बिल्डर कोणाला ओळखणार? मी सुतार आणतो ना."

"आणि तोवर हे डोक्यात पडलं तर?"

 मग चांगुणाबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चौकटीपासून लांब बसा."

त्यांचा राग येत होता आणि त्यांचं म्हणणं पटतही होतं. मीच महिन्याभरापूर्वी याच लोकांना बजावलं होतं, की काही झालं तरी बाहेरच्या माणसाला फोन करायचा नाही. तेव्हा अडकलेला मी नव्हतो.

कुंदाला फोन केला. तिनं ऐकलं आणि ती ओरडलीच.

"अहो, जागा गेली खड्ड्यात. तुम्ही आधी बाहेर या. लावा फोन त्यांना."

"सगळ्यांची घरं जातील, कुंदा."

"मग मी काय करू इथं बसून?" ती रडायला लागली. मागून वरद म्हणाला, "आई, दे इकडं. बाबा, मी निघतोय. तोपर्यंत कोणाला फोन करू नका."

भिंतीला टेकून बसलो. भीती वाटत होती, उगाच शूर कशाला म्हणवून घेऊ? वरून बारीक माती गळत होती आणि पलंगावरच्या चादरीवर पडत होती. एकदा कट्ट करून आवाज झाला, तेव्हा मी मोरीत पळालो आणि तिथंच उभा राहिलो. आयुष्यभर अंबरनाथच्या कारखान्यात पाचशे माणसांवर साहेबी केली आणि आता मोरीत, बादलीला चिकटून.

भूपेशनं सुतार आणला. त्यानं बीम बघितला आणि पहार लावायला साफ नकार दिला. ठोका मारला तर सगळंच खाली यायचं, म्हणाला. मग त्यानं दाराचा खालचा भाग करवतीनं कापायला घेतला. लाकूड जुनं, सागाचं, माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्यानं हौसेनं बसवलेलं. कापता कापता त्याचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी एवढं भोक पडलं, की मी गुडघ्यांवर आलो, मान खाली घातली आणि माझ्याच घरातून रांगत बाहेर पडलो. चांगुणाबाईंनी पाणी दिलं. सगळे हसले, मीही हसलो. 

तेवढ्यात वरद धावत जिना चढून आला. मला बघून त्यानं माझे दोन्ही दंड घट्ट धरले, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आता म्हणेल, चला बाबा. मी चपला शोधायलाही लागलो होतो.

तो वाकून भोकाकडं बघत राहिला. सुतार तिथं फळी ठोकायला निघाला होता, त्याला थांबवलं.

"हे बुजवू नका, बाबा," तो म्हणाला. "पुन्हा दार अडकलं तर इथून निघता येईल. दोनच महिने हो. करार झाला की लगेच नेतो तुम्हाला."

पोरगा वाईट नाही. मनापासून सांगत होता. वाईट असता तर बरं झालं असतं, एखादी शिवी देऊन मोकळा झालो असतो.

"वरद," मी म्हणालो, "आज तू बस इथं. मी आईकडं जातो."

त्यानं मान वर केली आणि बीमकडं पाहिलं. पाहतच राहिला. मग एक पाऊल मागं सरकला, त्याचं त्यालाही कळलं नसेल.

"उद्या ऑफिस आहे, बाबा."

मी खिशातून फोन काढला आणि फायर ब्रिगेडला लावला. पत्ता सांगितला, मजला सांगितला, बीम खाली आलाय, माणसं आत आहेत, लवकर या म्हणालो. भूपेश अंगावर धावून आला. "साईं, बरबाद केलंस सगळ्यांना!" वरदनं तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.   माझंही घर त्यातच गेलं होतं.

चांगुणाबाई वर गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. दोन मिनिटांत खाली आल्या त्या हातात मोठी पिशवी घेऊन. कपडे, औषधं, देवांचा डबा, सगळं आत नीट रचलेलं, वर दोरीनं बांधलेलं.

"एवढ्यात भरली?" मी विचारलं.

"नाही वो भाऊ," त्या म्हणाल्या. "नोटीस लागली त्याच दिवशी भरून ठेवलीय."